रोज ‘सुधारत’ जाणारा इलेक्ट्रोड: स्वस्त हायड्रोजन उत्प्रेरकाचं एक प्रकरण

स्वस्त उत्प्रेरकाच्या कामात सगळ्यांत जास्त संशय कोणत्या निकालाचा घ्यावा? वापरता वापरता आपोआप चांगल्या होत जाणाऱ्या इलेक्ट्रोडचा. हे प्रकरण अशाच एका इलेक्ट्रोडचं आहे. ते एकाच प्रयोगशाळेचं नाही. मुंबईच्या उपनगरांतल्या महाविद्यालयीन संशोधन प्रयोगशाळांमध्ये थोड्याफार फरकानं घडणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून ते नमुन्यादाखल मांडलं आहे. त्यातले आकडे एक तर सरळ गणितातून आलेत, नाहीतर या पदार्थांवर सहसा मिळतात त्या पल्ल्यातले आहेत.

काम असं ठरलं होतं: विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढणारा ५ सेंमी × ५ सेंमीचा अल्कली सेल बनवायचा, तो छतावरच्या सौर पॅनेलवर चालवायचा, आणि दोन्ही इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम किंवा इरिडियम वापरायचं नाही. प्रवाह चौरस सेंटीमीटरला ५०० मिलीॲम्पियर, तापमान ६५ ते ७० अंश, द्रावण ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं. मागणी जवळच आहे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना रोज हायड्रोजन लागतो आणि आज तो मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा नाफ्था यांच्यापासून बनतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. या लक्ष्यातला मोठा वाटा अल्कली सेल उचलू शकतात, कारण आम्लधर्मी पडद्याच्या सेलला धनाग्रावर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूला, इरिडियम लागतं आणि जगात ते वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं.

आधी हिशोब

एक किलो हायड्रोजन काढायला २६,५९० ॲम्पियर-तास लागतात. उत्प्रेरक कोणताही असो, हा आकडा बदलत नाही. म्हणून सेलवरच्या प्रत्येक व्होल्टमागे किलोला २६.५९ युनिट वीज जाते. सेल १.८ व्होल्टवर चालला तर ४७.९ युनिट, २ व्होल्टवर ५३.२ युनिट. म्हणजे १०० मिलीव्होल्ट वाचले की किलोमागे २.६६ युनिट वाचतात. वीज ५ रुपये युनिट धरली तर १३ रुपये. उत्प्रेरकाची किंमत या मापानं मोजावी. ग्रॅमच्या भावानं मोजली तर दिशाभूल होते.

त्याचं कारण वजनात आहे. निकेल फोम चौरस मीटरला साधारण ३५० ग्रॅम भरतो. त्यावरचा उत्प्रेरकाचा थर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम धरला, तर चौरस मीटरला १० ग्रॅम होतो. निकेल आणि लोखंडाच्या या १० ग्रॅमची किंमत खालच्या फोमपुढे नगण्य आहे. खर्च ठरतो तो थर किती वर्षं टिकतो यावर, आणि तो बसवायला किती वीज, किती वेळ आणि किती पाणी लागतं यावर.

६५ अंशांवर ५०० मिलीॲम्पियरसाठी व्होल्टेजचं अंदाजपत्रक असं मांडलं होतं: पाणी फोडायला किमान १.१९ व्होल्ट, मधल्या झिरकोनियाच्या पडद्यात ०.१० व्होल्ट, ऑक्सिजनच्या बाजूला ०.२९, हायड्रोजनच्या बाजूला ०.१३, जोडण्यांमध्ये ०.०४. एकूण १.७५ व्होल्ट. दोन्हीकडे नुसती निकेलची जाळी ठेवली तर ऑक्सिजनला ०.४० आणि हायड्रोजनला ०.३५ लागतात आणि बेरीज २.०८ वर जाते. मधला फरक ३३० मिलीव्होल्टचा, म्हणजे किलोमागे जवळजवळ ९ युनिटांचा. सगळा खटाटोप या ९ युनिटांसाठी आहे.

इलेक्ट्रोड कसे बनवले

दोन्ही बाजूंना एकच तयारी. १.६ मिलीमीटर जाडीच्या निकेल फोमचा तुकडा आधी ॲसिटोनमध्ये, मग ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १० मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवायचा. बाटलीतलं तीव्र आम्ल एक भाग आणि पाणी तीन भाग घेतलं की साधारण ३ मोलर होतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आम्लातून काढल्यावर फोमचा करडेपणा जाऊन चकाकी येते. ती आली नाही तर ऑक्साइड शिल्लक आहे आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटणार हे नक्की. धुऊन लगेच वापरायचा; चार दिवस हवेत पडलेला साफ फोम म्हणजे साफ न केलेलाच फोम.

ऑक्सिजनच्या बाजूला निकेल-लोहाचं स्तरित हायड्रॉक्साइड. एक लिटर पाण्यात निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.८७ ग्रॅम आणि फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट १.२१ ग्रॅम, म्हणजे दोन्ही ३ मिलीमोलर. सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सच्या (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे १.० व्होल्टवर ३०० सेकंद. या व्होल्टेजला धातू बसत नाही. नायट्रेटचं क्षपण होऊन फोमच्या अगदी लगत हायड्रॉक्साइड तयार होतं आणि निकेल-लोह तिथेच साक्याच्या रूपात चिकटतात. थर पिवळसर तपकिरी दिसतो आणि तो पातळच असावा. वेळ वाढवून १,८०० सेकंद केली की रंग गडद होतो आणि वजनही छान भरतं, पण ५०० मिलीॲम्पियरला बुडबुडे तो थर तासाभरात उचलून नेतात. द्रावण दर वेळी ताजं करायचं, कारण फेरिक क्षार उभ्या उभ्या विघटित होऊन गढूळ होतो.

हायड्रोजनच्या बाजूला निकेल-मॉलिब्डेनम. एक लिटरला ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ८८ ग्रॅम, निकेल सल्फेट हेक्साहायड्रेट ७९ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेट ४८ ग्रॅम, याच क्रमानं विरघळवायचे. मग अमोनिया घालून पीएच १०.५ वर आणायचा. प्रवाह चौरस सेंटीमीटरला १६० मिलीॲम्पियर, वेळ १० मिनिटं. मॉलिब्डेनम एकटं पाण्यातून धातूरूपात बसतच नाही. निकेलच्या सोबतीनं बसतं. बराचसा प्रवाह हायड्रोजन काढण्यात जातो, त्यामुळे फसफसणं पाहून घाबरायचं कारण नाही. मात्र अमोनिया उडत राहतो आणि पीएच खाली घसरतो. दर दोन नमुन्यांनंतर पीएच तपासून अमोनिया घातला नाही तर थरातलं निकेल-मॉलिब्डेनमचं प्रमाण नमुन्यागणिक बदलतं, आणि मग मोजमापांत दिसणाऱ्या फरकांचा अर्थ लागत नाही. काम फ्यूम हूडमध्येच करायचं. समोरचा इलेक्ट्रोड निकेलची पट्टी. तिथे प्लॅटिनम का नको, ते पुढे येईल.

सुधारणा कुठून आली

निकेल-मॉलिब्डेनमचा १ चौरस सेंटीमीटरचा तुकडा १ मोलर पोटॅशमध्ये, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, तपासला. मर्क्युरी ऑक्साइडचा रेफरन्स, आणि नेहमीच्या सवयीनं काउंटरला, म्हणजे समोरच्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनमची तार. पहिल्या दिवशी १० मिलीॲम्पियरला ७० मिलीव्होल्टचं ओव्हरपोटेन्शियल, म्हणजे किमान गरजेवर लागणारं जादा व्होल्टेज. टिकाऊपणा दाखवायला व्होल्टेज वर-खाली करण्याची ५,००० चक्रं चालवली. ती संपल्यावर आकडा ४० वर आला होता, आणि टाफेल उतार, म्हणजे प्रवाह दहापट करायला लागणारं जादा व्होल्टेज, तर त्याहून ठळकपणे कमी झाला होता.

विद्यार्थिनीनं आलेख दाखवला तेव्हा मार्गदर्शकांनी विचारलं, “नुसत्या फोमवर हीच चक्रं चालवलीस का?”

“नाही सर, फोमचं एकदाच मोजमाप घेतलंय, सुरुवातीचं.”

हे प्रकरण फिरलं ते या प्रश्नावर. कोरा फोम घेतला, उत्प्रेरक काहीही न लावता त्याच सेलमध्ये, त्याच प्लॅटिनम तारेसमोर त्याला ५,००० चक्रं दिली. सुरुवातीला २२० मिलीव्होल्ट मागणारा कोरा फोम शेवटी १०० च्या आसपास आला. कोऱ्या निकेलवरही जी सुधारणा दिसते ती घडवणारा उत्प्रेरक द्रावणातून आलेला असतो.

घडतं ते असं. नमुन्यावर हायड्रोजन निघत असताना समोरच्या प्लॅटिनमच्या तारेवर ऑक्सिजन निघत असतो. तिथे प्लॅटिनमवर ऑक्साइड बनतं. प्रवाह चालू-बंद झाला, व्होल्टेज वर-खाली झालं की ते ऑक्साइड बनतं आणि मोडतं, आणि प्रत्येक खेपेला थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरतं. आपला नमुना ऋण बाजूला असल्यानं ते त्याच्यावर धातूरूपात येऊन बसतं. म्हणजे टिकाऊपणासाठी दिलेली हजारो चक्रं हीच प्लॅटिनम विरघळवण्याची उत्तम रीत ठरते.

किती प्लॅटिनम? एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेतल्या तराजूचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅमचा, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचा. तार कितीही वेळा तोलली तरी तराजू काही सांगणार नाही. तार चकचकीत आणि जाडीला जशीच्या तशी, नमुना आधीसारखाच काळा. सूक्ष्मदर्शकाखाली किंवा क्ष-किरण विवर्तनात एवढं थोडं प्लॅटिनम दिसत नाही. दिसतं ते आयसीपीवर (धातूंचा सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर), नमुना आम्लात विरघळवून, किंवा एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी वरच्या थरातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रात) पृष्ठभाग पाहून. पण ती सोय हाताशी नसेल तरी अडत नाही. कोऱ्या फोमची चाचणी फुकट आहे.

त्यानंतर चार मापं शेजारी शेजारी घेतली: कोरा फोम आणि उत्प्रेरक लावलेला फोम, दोन्ही एकदा प्लॅटिनमसमोर आणि एकदा निकेल फोमच्या मोठ्या तुकड्यासमोर. निकेल काउंटर लावल्यावर कोरा फोम २२० च्या आसपासच राहिला आणि निकेल-मॉलिब्डेनम ७० वरून हळूहळू ८५ वर गेलं. खरा आकडा हा. तो प्लॅटिनमपेक्षा वाईट आहे, पण कोऱ्या निकेलपेक्षा १३५ मिलीव्होल्टनं चांगला आहे आणि तो स्वतःच्या जोरावर आहे. उत्प्रेरक टाकाऊ ठरला नाही, त्याच्याविषयीचा दावा तेवढा खाली आला.

काउंटर बदलताना द्रावण आणि भांडंही बदलावं लागतं. जुन्या पोटॅशमध्ये प्लॅटिनम उरलेलं असतं. टेफ्लॉनचा सेल अम्लराजानं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणानं) धुवावा किंवा नवा घ्यावा. काउंटर पडद्याआड वेगळ्या कप्प्यात ठेवला तर गळती मंदावते, थांबत नाही. ग्रॅफाइटची कांडी छोट्या चाचणीला चालते, पण जास्त प्रवाहाला ती स्वतः झिजते, द्रावण काळसर होतं आणि पोटॅशचं कार्बोनेट व्हायला लागतं. हायड्रोजनच्या बाजूच्या चाचण्यांना काउंटर म्हणून प्लॅटिनम कायमचं बंद करावं, असं आमचं ठाम मत आहे. रेफरन्स तपासायला ते लागतं. तेवढ्यापुरतं वेगळ्या भांड्यात वापरून पुन्हा कपाटात ठेवावं.

मापनातली दुसरी खोट प्रतिकाराची. १ मोलर पोटॅशमध्ये नमुना आणि रेफरन्स यांच्यामध्ये १ ओहमच्या आसपास प्रतिकार सहज असतो. १० मिलीॲम्पियरला त्याचे १० मिलीव्होल्ट होतात. ते वजा करण्याची सुधारणा करताना १० टक्के चुकलं तर १ मिलीव्होल्ट इकडे-तिकडे. ५०० मिलीॲम्पियरला तेच ५०० मिलीव्होल्ट होतात आणि १० टक्के चूक ५० मिलीव्होल्टची. म्हणून मोठ्या प्रवाहाचे आकडे सुधारणेआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही लिहावेत. सुधारणेनंतर वक्र मागे वळलेला, म्हणजे प्रवाह वाढताना व्होल्टेज कमी होताना दिसला, तर प्रतिकार जास्त वजा केला गेला आहे.

ऑक्सिजनच्या बाजूचं लोह

इथली गंमत उलट दिशेची आहे. लोह मुद्दाम न घालता नुसतं निकेल हायड्रॉक्साइड बसवलं, तरी ते दिवसागणिक सुधारतं. कारण बाजारातल्या पोटॅशमध्ये लोहाचा अंश असतोच. निकेलच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडवर लोहाचा परिणाम डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवला होता. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या बोएचर यांच्या गटानं द्रावणातून आलेल्या अशा लोहाची भूमिका नीट उलगडली: लोहाविना निकेल ऑक्सिजन काढण्यात बरंच सुमार ठरतं.

आपल्याच घटकाचं श्रेय मोजायचं असेल तर पोटॅश शुद्ध करावं लागतं. सोपी रीत अशी: अतिशुद्ध निकेल नायट्रेट सुमारे २ ग्रॅम ४ मिलीलिटर पाण्यात विरघळवून त्यात १ मोलर पोटॅश २० मिलीलिटर घालायचं. हायड्रॉक्साइडचा साका सेंट्रिफ्यूज करून धुवायचा. मग त्यावर तपासायचं पोटॅश ५० मिलीलिटर ओतून १० मिनिटं हलवायचं आणि निदान तीन तास तसंच ठेवायचं. साका लोह शोषून घेतो. वरचं द्रावण काढून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचं. काचेची बाटली नको, कारण पोटॅश काच खातं आणि काचेतलं लोह परत द्रावणात येतं. सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्सही या द्रावणात नको. त्यातून क्लोराइड गळतं आणि त्याचं व्होल्टेज सरकत जातं.

प्रत्यक्ष सेलसाठी मात्र ही शुद्धता नको. निकेल-लोहाच्या थरातून लोह थोडं थोडं विरघळत असतं, आणि द्रावणात लोहाचा अंश असला तर ते परत बसतं. त्याचा काही भाग ऋणाग्रावर, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला, जाऊन बसतो हा त्याचा तोटा. प्रयोगाला एक द्रावण आणि चालवायला दुसरं, असे दोन डबे वेगळे ठेवलेले बरे.

वाचनातही एक सापळा आहे. व्होल्टेज वाढवत नेताना हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत १.३५ ते १.४ व्होल्टला निकेलचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होऊन मोठा उंचवटा येतो. फोमवर तो १० मिलीॲम्पियरच्याही वर जातो. तिथेच ‘१० मिलीॲम्पियरचं ओव्हरपोटेन्शियल’ वाचलं की आकडा चमत्कारिक चांगला येतो, आणि ऑक्सिजनचा अजून एक बुडबुडाही निघालेला नसतो. मोजणी परतीच्या वक्रावर करावी किंवा स्थिर प्रवाहावर १० मिनिटं थांबून.

वायू मोजणं हा शेवटचा निवाडा. १०० मिलीॲम्पियर ३० मिनिटं चालवल्यावर, खोली ३० अंशांची असेल तर, उलट्या ब्युरेटमध्ये पाण्यावर गोळा केलेला हायड्रोजन बाष्प धरून २४.२ मिलीलिटर भरायला हवा, ऑक्सिजन त्याच्या निम्मा. हायड्रोजन कमी भरला तर आधी रबरी नळीची गळती पाहावी. ऑक्सिजनच कमी भरला तर थर स्वतः जळतोय का ते पाहावं. सल्फाइड आणि फॉस्फाइडच्या थरांचं सुरुवातीला तसंच होतं.

पावसाळा, पोटॅश आणि पाणी

पोटॅशच्या गोळ्या मुळातच सुमारे ८५ टक्के शुद्ध असतात, बाकी बरंचसं पाणी. म्हणून १ मोलरसाठी लिटरला ६६ ग्रॅम, आणि ३० टक्क्यांच्या द्रावणासाठी लिटरला साधारण ४५५ ग्रॅम घ्यावे लागतात. जुलै महिन्यात मुंबईच्या दमट हवेत डबा पाच मिनिटं उघडा राहिला तरी गोळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात, आणि तोललेल्या वजनाला अर्थ उरत नाही. सोबत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतो आणि कार्बोनेट बनतं, ते वाहकता खाली आणतं. उपाय जुनाच आहे: तोलून भागत नाही, टायट्रेशन करावं. आधी फिनॉल्फ्थॅलिन, मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज. दोन्ही वाचनांमधल्या फरकावरून कार्बोनेट निघतं. सेलच्या टाकीसाठी हे पंधरा दिवसांतून एकदा करावं.

पाणी डीआयोनाइज्ड. तानसा-भातसाचं नळाचं पाणी मऊ असलं तरी त्यात क्लोरीन असतो, आणि सेल पाणी खर्च करत जातो तसे त्यातले क्षार मागे साठत जातात.

समुद्र खिडकीतून दिसत असताना ‘खाऱ्या पाण्यावर चालणारा उत्प्रेरक’ हा विषय सुचतोच, पण या प्रकरणात तो मुद्दाम बाजूला ठेवला. किलोभर हायड्रोजनला शुद्ध पाणी लागतं ९ लिटर. समुद्राचं पाणी आरओनं गोडं करायला घनमीटरला ३ ते ४ युनिट लागतात, म्हणजे ९ लिटरला ०.०४ युनिटही नाही. पुढे खर्च होणाऱ्या ४८ युनिटांपुढे ते कुठे आहे? एवढ्याशा बचतीसाठी लिटरमागे १९ ग्रॅम क्लोराइड सेलमध्ये घ्यायचं, जोडण्या आणि प्लेटा गंजू द्यायच्या, हे आम्हाला पटत नाही.

सेल जोडल्यावर

फोमऐवजी सेलमध्ये निकेलची विणलेली जाळी घेतली. ५०० मिलीॲम्पियरला २५ चौरस सेंटीमीटरमधून १२.५ ॲम्पियर जातात आणि मिनिटाला ९५ मिलीलिटर हायड्रोजन निघतो. जाड फोमच्या आतल्या पोकळ्यांत एवढा वायू अडकून बसतो आणि आतला पृष्ठभाग कोरडा पडतो. १० मिलीॲम्पियरला हे कळतच नाही. जाळी पडद्याला दोन्हीकडून दाबून लावली, मागे निकेलची प्लेट, गॅस्केट ईपीडीएम रबराचं. व्हायटॉन रबर गरम पोटॅशमध्ये टिकत नाही. टाक्या पॉलिप्रोपिलीनच्या; स्टीलची टाकी घेतली तर लोह आणि क्रोमियम दोन्ही द्रावणात येतात.

पहिल्या आठवड्यात सेल १.७८ व्होल्टवर चालला. अंदाजपत्रकाशी ते जमतं. जाळी फोमपेक्षा पृष्ठभागानं कमी असल्यानं ३० मिलीव्होल्ट जास्त लागले, असा त्याचा अर्थ लावला.

सोमवारची चढण

त्यानंतर दर सोमवारी सकाळी व्होल्टेज ३०-४० मिलीव्होल्टनं वर गेलेलं असायचं. मधल्या दिवसांत ते स्थिर. शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतले काका नियमाप्रमाणे मेन स्विच बंद करून जात, हे कळल्यावर कोडं सुटलं.

सेल बंद झाला की तो भरलेल्या बॅटरीसारखा वागतो. धनाग्रावर ऑक्सिहायड्रॉक्साइड साठलेलं, ऋणाग्राच्या आत हायड्रोजन. बंद पॉवर सप्लाय तारांनी जोडलेलाच असेल तर त्याच्या आउटपुटमधल्या रेझिस्टरमधून उलटा प्रवाह वाहतो. ऋणाग्राचं व्होल्टेज वर चढतं, निकेल ऑक्सिडाइज होतं आणि मॉलिब्डेनम मॉलिब्डेट होऊन पोटॅशमध्ये विरघळतं. वर पडद्यातून झिरपलेला ऑक्सिजन तेच काम पुढे नेतो. अनेक सेल एकापुढे एक जोडलेल्या स्टॅकमध्ये तर तारा काढल्या तरी भागत नाही, कारण सगळ्यांना पोटॅश पुरवणाऱ्या सामाईक नळ्यांतूनच उलटा प्रवाह वाहतो. सौर पॅनेलवर हे आठवड्यातून एकदा न होता रोज संध्याकाळी होणार. म्हणून अखंड १,००० तास चालवलेल्या चाचणीवरून सौर सेलचं आयुष्य सांगता येत नाही. चाचणीत रोजचं बंद होणं मुद्दाम घालावं लागतं.

उपाय दोन टप्प्यांत केला. सप्लाय बंद होताच त्याची तार तोडणारा रिले, आणि १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून २२० ओहम, १ वॉटच्या रेझिस्टरमार्गे सेलला कायम जोडलेला रक्षक प्रवाह. सेलवर दीड व्होल्ट धरले तर ४८ मिलीॲम्पियर वाहतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे २ मिलीॲम्पियर. शनिवारी संध्याकाळी ६ ते सोमवारी सकाळी ९ या ३९ तासांत १.९ ॲम्पियर-तास खर्च होतात; ७ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीला ते जड नाही. यानंतर सोमवारची चढण थांबली. आधी गमावलेलं मॉलिब्डेनम अर्थातच परत आलं नाही. जाळीवर नवा थर द्यावा लागला.

पण या उपायाला धोका चिकटलेला आहे, आणि तो न सांगता सर्किट कुणाच्या हाती देऊ नये. ४८ मिलीॲम्पियरनं ३९ तासांत साडेआठशे मिलीलिटर हायड्रोजन निघतो, बंद खोलीत, पंखे बंद असताना. त्याची नळी पाण्याच्या बबलरमधून खिडकीबाहेर काढलीच पाहिजे. त्याहून वाईट बाजू ऑक्सिजनच्या टाकीची. इतक्या कमी प्रवाहाला ऑक्सिजन फार थोडा बनतो, पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन त्या मानानं कमी होत नाही. मिश्रणात हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ते पेट घेऊ शकतं; कारखान्यांत २ टक्क्यांनाच सेल बंद करतात. म्हणून ऑक्सिजनची टाकी काठोकाठ भरून वरची मोकळी जागा जवळजवळ शून्य ठेवली, तिचीही नळी वेगळी बाहेर काढली, आणि सोमवारी सुरू करण्याआधी दोन्ही टाक्यांतून नायट्रोजन सोडायचा असा नियम केला.

छतावर जिथे रात्री कुणी नसतं तिथे हा खटाटोप नको, असं आमचं मत पडलं. तिथल्या ऋणाग्रासाठी निकेल-जस्ताचा थर बसवून, जस्त पोटॅशमध्ये विरघळवून उरणारं सच्छिद्र निकेल घेतलं. ते ३० ते ५० मिलीव्होल्ट जास्त मागतं, म्हणजे किलोला ०.८ ते १.३ युनिट. पण विरघळून जायला त्यात मॉलिब्डेनमच नाही, आणि उलट्या प्रवाहात वरवर बनलेलं निकेल हायड्रॉक्साइड सकाळी बरंचसं परत निकेल होतं. मात्र जस्त काढल्यावर ही जाळी कोरडी होऊ द्यायची नाही. बारीक छिद्रांचं ताजं निकेल हवेत तापतं. ती पाण्याखालीच ठेवावी.

धुण्याचं पाणी

निकेलचं पाणी बेसिनमध्ये सोडू नये. नायट्रेटच्या बाथचं पाणी सोपं आहे: पोटॅश घालून पीएच १० च्या पुढे नेलं की हिरवा साका बसतो, तो गाळून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत वाहतूकदाराकडे द्यायचा. सायट्रेट-अमोनियाच्या बाथचं तसं होत नाही. त्यातलं निकेल सायट्रेट आणि अमोनियानं धरून ठेवलेलं असतं, कितीही पोटॅश घातलं तरी साका नीट बसत नाही आणि निळसर पाणी वरून निर्मळ दिसतं. ते वेगळ्या कॅनमध्ये, नाव आणि तारीख लिहून साठवावं आणि द्रवरूपातच सोपवावं. नायट्रेटच्या कॅनमध्ये ते चुकूनही मिसळू नये, नाहीतर सोप्या कॅनमधलं निकेलही साक्यात बसायचं थांबतं.